पहिला घोट

मंत्रीसाहेब,

तुमच्या दफनाला किती थोडी माणसं होती हे पाहिलं असतंत, तर तुम्ही आधी रुसला असतात. मग मला ऐकवलं असतंत, 'माझ्या पुलाच्या उद्घाटनाला अख्खा प्रांत लोटला होता.' इथे साथीच्या नियमानं खुर्च्याच मोजक्या मांडलेल्या, त्याही एकमेकींपासून फटकून. तुमची मुलगी क्लारिस कॅनडात अडकलेली, म्हणून मी फोनवर तिला हातात धरून उभी होते. वारा असा की पाद्रीबाबांचं निम्मं फ्रेंच उडून गेलं. क्लारिस सारखी विचारत होती, मागे कोण बसलंय? मी फोन वळवून दाखवला. मागच्या रांगेत दोघे जण होते, त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. एकाचा कोट उंटाच्या रंगाचा, दोघांच्या तोंडावर मास्क. क्लारिस म्हणाली, ओळखू येत नाहीत.

तुम्हाला तरी कुठे आले असते? तुम्ही जन्मभर माणसांची तोंडं वाचत जगलात. डोळ्यांना खोटं बोलायला शिकवता येतं, ओठ मात्र लवकर शिकत नाहीत, असं तुमचं म्हणणं. आणि सगळ्या जगाचे ओठ झाकले गेले, नेमका तेव्हाच तुमचा दरवाजा वाजला.

तुमचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, देशाचंही नाही. तुम्हीच तसं बजावलं होतंत. आफ्रिकेच्या मधोमधचा टेकड्यांचा देश, एवढं पुरे. माझ्यासाठी तुम्ही मंत्रीसाहेब. हा शब्द मीच तुम्हाला शिकवला आणि तो तुम्हाला इतका आवडला की पुढे फोन उचलतानाच 'मंत्रीसाहेब' म्हणायला लागलात, जणू पलीकडून सचिव बोलतोय. तेवढंच तुमचं मराठी. बाकी आपलं सगळं बोलणं मोडक्या डचमध्ये आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत व्हायचं, आणि तरी आपण इतकं भांडू शकलो याचं मला नवल वाटतं.

आपली गाठ पडली ती फोरबर्ग या डच गावाच्या वाचनालयात, भाषेच्या वर्गात. मी नवऱ्याच्या, मंदारच्या मागून आलेली, बी.एड. होऊन घरी बसलेली, सगळ्या गोष्टींवर चिडलेली. बाईंनी एकेकाला पूर्वीचं काम विचारलं. कोणी नर्स होतं, कोणी आचारी. तुम्ही म्हणालात, "रस्ते." बाईंना वाटलं तुम्ही रस्त्यावरचे मजूर. त्यांनी मोठ्या मायेनं सांगितलं की इथल्या नगरपालिकेतही अशी कामं निघतात. तुम्ही गंभीरपणे त्यांचे आभार मानलेत. मला मात्र हसू आवरेना, कारण तुम्ही खुर्ची कशी निवडली होतीत ते मी पाहिलं होतं. पाठ भिंतीला, नजर दाराकडे. माझे वडील, अण्णा, असेच बसायचे. करमाळ्याला पंचायत समितीचे सभापती होते ते. मधल्या सुट्टीत मी तुमच्याजवळ येऊन विचारलं, किती वेळा निवडून आलात? तुम्ही माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिलात की मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार.

"तीन वेळा. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खुर्चीनं," मी म्हणाले.

मग हळूहळू कळत गेलं. शाळामास्तर, मग आमदार, मग बांधकाम मंत्री. इथे रस्त्यावर विटा बसवायचं काम चालू असलं की तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात आणि ती पोरं उगाचच सरळ व्हायची. वाळू किती दाबली, उतार कुणीकडे काढला, तुमचे प्रश्न संपायचे नाहीत. तुमच्या राष्ट्राध्यक्षांना घटना बदलून आणखी एकदा खुर्चीवर बसायचं होतं. मंत्रिमंडळाच्या बैठकीत सगळ्यांचे हात वर गेले, तुमचा गेला नाही. त्यानंतर सुक्या मासळीच्या ट्रकमधून तुम्ही सरहद्द ओलांडलीत, तीही स्वतःच बांधलेल्या रस्त्यानं. हे सांगताना तुम्ही हसायचात. खड्डा एकही लागला नाही, म्हणायचात.

त्याच रस्त्यावरून आपलं भांडण झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमच्या आधी त्या रस्त्यानं सैन्य गेलं होतं, डोंगरातल्या त्या गावांमध्ये. त्यानंतर तिथे माणसं राहिली नाहीत, हे मी वाचलं होतं आणि तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, त्याच रस्त्यानं दवाखाना गेला, मुली शाळेत गेल्या, आणि रस्ता बांधणारा कोण कोण जाणार हे विचारत बसला तर रस्ताच होणार नाही. मी म्हणाले, पण सैन्य निघालं तेव्हा तुम्ही मंत्री होतात, तेव्हा तरी विचारायचंत. त्यावर तुम्ही औषधाची डबी शोधायला उठलात. पुढे दोन-तीनदा मी तो विषय काढला. प्रत्येक वेळी तुम्हाला अचानक औषधाची आठवण व्हायची. तुमच्यावर माया होती म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला असं समजू नका, मंत्रीसाहेब. तो मी अजून सोडलेला नाही.

पण चहाची गोष्ट वेगळी. पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मी आलं घालून चहा केला, बशीत चिवडा ठेवला. तुम्ही तुमचा कप माझ्याकडे सरकवलात. "आधी तुम्ही." मी म्हटलं, हा तुमचाच आहे. तुम्ही म्हणालात, हो, माझाच, यातला पहिला घोट तुम्ही घ्या. माझ्या अंगावर काटा आला. घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आपलं उष्टं द्यायचं? माझ्या आईला कळलं असतं तर तिनं माझं नाव टाकलं असतं. तुम्ही शांतपणे समजावलंत की तुमच्याकडे पाहुण्याच्या पेल्यातला पहिला घोट यजमानानंच घ्यायचा असतो. पेय कोणी बाहेरून आणलं तर आणणाऱ्यानं. जो घेत नाही तो एक तर अडाणी, नाही तर त्यानं आत काहीतरी घातलेलं. मी म्हटलं, आमच्याकडे जो घेतो तो अडाणी. मंदार सोफ्यावर पोट धरून हसत होता. चहा पार गार झाला. शेवटी तोडगा निघाला. तुमच्या डोळ्यांसमोर एकाच पातेल्यातून दोन कप भरायचे, कुठला घ्यायचा तो तुम्ही निवडायचा आणि माझ्या कपातला घोट मी आधी घ्यायचा. तुम्ही खूश होऊन म्हणालात, याला तह म्हणतात. तो तह आपण दोघांनी वर्षानुवर्षं पाळला.

एकदा मी चेष्टा केली होती. म्हटलं, इथे फोरबर्गमध्ये तुम्हाला विष घालायला कोणाला फुरसत आहे, इथे तर भेटायलाही महिनाभर आधी वेळ ठरवावी लागते. तेव्हा तुम्ही तुमच्या मित्राचं सांगितलंत. तुमच्याच मंत्रिमंडळातला. बारशाच्या जेवणाला गेला होता. यजमानानं घोट घेतला नाही, तेव्हा याला वाटलं, पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं असेल. तो विचारायला लाजला, तुम्ही म्हणालात. एवढंच. त्यानंतर मी ती चेष्टा पुन्हा केली नाही.

साथ आली तेव्हा मला तुमच्या फुप्फुसांची काळजी होती, साखरेची काळजी होती. बाकी कशाची असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी डबा करून तुमच्या दारातल्या पायपुसण्यावर ठेवायचे, मागे सरकून लिफ्टपाशी उभी राहायचे, मास्क खाली करायचे आणि दुसऱ्या छोट्या डबीतला घास तुमच्यासमोर खायचे. तुम्ही दाराच्या फटीतून बघायचात आणि मान डोलवायचात. लिफ्टसमोर उभं राहून साबुदाण्याची खिचडी खाणारी बाई बघून तुमच्या शेजाऱ्याचा कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला होता. तो हिवाळा आठवला की मला अजून हसू येतं.

त्याच हिवाळ्यात तिकडून फोन यायला लागले. राष्ट्राध्यक्ष म्हातारे झालेत, आजारी आहेत, जुनं सगळं विसरून परदेशातल्या नेत्यांना परत बोलवायचं ठरलंय, निवडणूक होणार आहे. तुम्ही एकदम तरणे झालात. केस काळे केलेत. व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर मागे खुर्चीवर इस्त्री केलेला शर्ट टांगलेला. मला धडकीच भरली, कारण हे मी आधी पाहिलं होतं. अण्णा निवडणुकीत पडले, त्यानंतर ते दिवसभर मांडीवर फोन घेऊन बसायचे. एक दिवस पक्षाचं बोलावणं आलं. कडक इस्त्रीचं धोतर नेसून गेले. स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसवलं, फोटो काढला, आणि त्यांच्याच माणसाला त्यांच्या जागी तिकीट दिलं. परत आले ते कॉटवर आडवे झाले, त्यानंतर बोलायचेच कमी झाले. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. जाऊ नका म्हणाले.

"तुमच्या अण्णांना कोणी मारलं तर नाही ना," तुम्ही म्हणालात.

"नाही. नुसतं बोलावलं."

तुम्ही हसलात. म्हणालात, मादाम, ज्याला कधी बोलावलंच नाही त्याला बोलावण्याची भीती वाटणार नाही, पण ओढही कळणार नाही. मी रागानं फोन ठेवला. मी तुमच्या सुरक्षिततेचं बोलत होते, राजकारणाचं बोलत होते, अण्णांचं बोलत होते. मला तुम्ही इथे हवे आहात हे मात्र बोलले नाही. आपल्याकडे असं कोणी बोलत नाही, तुमच्याकडेही नसावं.

मग तो दिवस. तुमचा फोन आला तेव्हा आवाजात दिवाळी होती. राजधानीहून निरोप घेऊन माणूस आला होता, स्लोटरडाइकच्या एका हॉटेलात उतरला होता. त्यानं तुमच्या स्वतःच्या टेकडीवरची, केळ्यांची घरगुती दारू आणली होती, बाटलीला केळीच्या पानाचं बूच. मी पहिलं विचारलं, तुमच्याबरोबर कोण होतं? कारण तुमचा नियमच होता, तिकडचा माणूस आला की मला नाही तर वर्गातल्या कोणाला तरी बोलावून बसवायचं. तुम्ही म्हणालात, घरात एकच पाहुणा चालतो, मादाम, सरकारचा नियम आहे. त्याचा जोडीदारही खाली गाडीत थांबला होता.

"घोट कोणी घेतला?"

"त्याला मास्क होता. म्हणाला, साथीमुळे चालणार नाही, आपण समजून घ्याल."

"आणि तुम्ही प्यायलात?"

"अगदी माझ्या आईच्या हातची चव होती."

मी ओरडले. मी तुमच्यावर इतकी कधी ओरडले नव्हते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "इतक्या वर्षांनी माझ्या घरचं कोणीतरी दार वाजवून मला हाक मारली. त्याला मी म्हणू, आधी तू?"

दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, मग ताप, मग दम. फॅमिली डॉक्टरनी फोनवरच ऐकून घेतलं, चाचणी सांगितली, ती पॉझिटिव्ह आली. वय, साखर, रक्तदाब. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना तुम्ही मला हात केलात, मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. तेवढंच. हॉस्पिटलमध्ये कोणाला सोडत नव्हते. तुम्ही गेल्यावर मी तिथल्या डॉक्टरांना बाटलीबद्दल सांगितलं. त्या बाई थकलेल्या होत्या, पण वाईट वागल्या नाहीत. म्हणाल्या, या आठवड्यात आमच्याकडे जे गेले ते सगळे याच आजारानं गेले, वेगळं काही दिसलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. वेगळं बघायला तेव्हा कोणाला सवड नव्हती, आणि हे माहीत असणारा माणूस वेळ बरोबर निवडेल.

तुमची किल्ली माझ्याकडे होती. दफनाच्या वेळी तुम्हाला घालायचा सूट आणायला मी तुमच्या घरी गेले. इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर तसाच होता. बाटली कुठेच नव्हती, कचऱ्यातही नाही. आणि ओट्यावर एक पेला, स्वच्छ विसळून, पालथा घातलेला. मंत्रीसाहेब, तुम्ही जन्मात पेला विसळला नव्हता. तुमच्या सिंकमध्ये कपांचा डोंगर साचायचा आणि मी आल्याशिवाय तो हलायचा नाही. त्या पेल्याला हात लावायचा मला धीर झाला नाही. पोलिसांना कळवलं, त्यांनी नोंद केली. पेला धुतलेलाच होता, त्यावर काय सापडणार?

हे सगळं मी मनाचे खेळ म्हणून बाजूला ठेवलंही असतं. मंदार तेच म्हणत होता. पण काल तो उंटाच्या रंगाच्या कोटाचा माणूस आमच्या दारात आला. मंदार कामाला गेलेला. फार अदबीनं बोलला. तुमच्या पुलाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय म्हणे. समारंभ होणार, क्लारिसला सरकारी पाहुणी म्हणून बोलावलंय, प्रवासाची परवानगीही आता मिळालीय, ती येईन म्हणाली आहे. वाटेत ती इथे उतरणार, तुमच्या कबरीवर येणार, तर तिच्यासाठी ही घरची भेट आपण ठेवून घ्याल का? आणि पिशवीतून त्यानं बाटली काढली. केळीच्या पानाचं बूच.

मी त्याला बसायला सांगितलं. एका पातेल्यात चहा केला, त्याच्यासमोर दोन कप भरले आणि म्हटलं, हवा तो घ्या. माझ्या कपातला घोट मी आधी घेतला. त्यानं कपाला हात लावला नाही. मास्कवर बोट ठेवून दिलगिरीनं मान हलवली. मग मी एक छोटा पेला आणला, बाटलीशेजारी ठेवला आणि तुम्ही मला पहिल्या चहाच्या वेळी म्हणाला होतात तेच, तुमच्याकडून उचललेल्या मोडक्या फ्रेंचमध्ये त्याला म्हटलं.

"आधी तुम्ही."

"साथ आहे, मादाम."

मी बाल्कनीचं दार उघडलं, बाहेर गेले, आणि दार लावून घेतलं. बाहेर गोठवणारी थंडी होती, अंगावर नुसता स्वेटर. काचेतून त्याला खूण केली की आता खोलीत कोणी नाही, मास्क काढा, घ्या. तो पेल्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्यानं दोन्ही हातांनी बाटली उचलून पिशवीत घातली, जपून, जसं तान्ह्या मुलाला उचलतात. मी आत आले तेव्हा तो दाराशी पोचला होता. म्हणाला, काही हरकत नाही, मादमोझेल क्लारिसला आम्ही तिकडेच देऊ.

कदाचित त्याला साथीची खरंच भीती असेल. असेलही. मी हे स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं.

मग मी क्लारिसला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती. मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"त्यानं आधी चाखलं?"

"नाही."

"पप्पांच्या वेळीही नव्हतं चाखलं?"

"नाही."

"मग पप्पांना कळलं होतं," ती म्हणाली. "ते कधी विसरले नसते. मी लहान असताना शेजाऱ्यांकडचं सरबतही ते आधी यजमानाला प्यायला लावायचे."

मंत्रीसाहेब, मी इतके दिवस समजत होते की तुम्ही फसलात. मास्कनं फसवलं, नियमानं फसवलं. तुमची मुलगी म्हणते, तुम्ही फसला नाहीत. तुम्हाला पेल्यात काय असू शकतं हे माहीत होतं आणि आईच्या हातची चवही माहीत होती, आणि त्या टेकडीवरून आलेल्या माणसाला 'आधी तू' म्हणणं तुम्हाला जमलं नाही. मला या गोष्टीचा संताप येतो. असा संताप की समोर असतात तर पातेलंच आपटलं असतं. मला विचारलं असतंत तर मी नियम मोडून आले असते, दंड झाला असता तरी आले असते. त्या माणसाच्या नाकासमोर बसले असते.

आणि तरीही, ज्या माणसानं माझ्या पहिल्या चहावर संशय घेतला, त्यानंच मला या देशात पहिल्यांदा कोणीतरी असल्यासारखं वागवलं, हेही खरं. वर्गात बाकी सगळ्यांसाठी मी मंदारची बायको होते. तुमच्यासाठी मी विरोधी पक्ष होते. तुमच्याशी वाद घालता यावा म्हणून मी डच शिकले. आज मी त्याच वाचनालयात नव्या लोकांना शिकवते, आणि दाराकडे तोंड करून कोण बसतंय ते आधी बघते.

क्लारिसला विचारलं, तू जाणार का? ती म्हणाली, पुलावर पप्पांचं नाव असेल, लोक जमतील, रोज फोन येतोय. बोलता बोलता तिचा आवाजही तसाच झाला, फोनवरचा तुमचा त्या दिवशी होता तसा. मग ती म्हणाली, आधी तुमच्याकडे येते. पप्पांना भेटते. चहा कराल ना?

शनिवारी ती येईल, रविवारी तिचं पुढचं विमान आहे. मी एकच कप भरणार आहे, तिचा. आणि त्यातला पहिला घोट मी घेईन, त्याच कपातला. पाहुण्याला आम्ही उष्टं देत नाही, पण लेकराला देतो, पोळत तर नाही ना हे आपल्या ओठांनी बघून. आईनं माझं नाव टाकलं तर टाकू दे. मग तो कप तिच्या हातात देईन आणि म्हणेन, थांब, जाऊ नकोस, तू मला इथे हवी आहेस.

तुम्हाला हे म्हणायचं राहून गेलं.